देव, शिल्प आणि शेंदूर : नाशिक परिसरातल्या मध्ययुगीन मूर्तींचा अभ्यास कुठवर आला?

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर सिन्नर येते आणि तिथे गोंदेश्वराचे देऊळ. उलट्या दिशेला, उत्तरेकडे साठेक किलोमीटरवर सप्तशृंगीचा गड. गोंदेश्वराला येणारा माणूस बहुधा बाहेरच्या भिंती बघत देवळाला फेरी मारतो, फोटो काढतो, आत पिंडीला नमस्कार करतो आणि जातो. गडावर जाणारा मात्र देवीसमोर उभे राहण्यासाठी रांगेत थांबतो. तिथे कोरीवकामाकडे बघायला कोणी गेलेले नसते. गंमत अशी की गेल्या दीडशे वर्षांत अभ्यासकांनी जे लिहिले, ते जवळजवळ सगळे पहिल्या प्रकारच्या वास्तूबद्दल. दुसऱ्या प्रकारच्या मूर्तीपर्यंत, म्हणजे पूजेतल्या, तेला-शेंदरात बुडालेल्या, वस्त्रालंकारांनी झाकलेल्या मूर्तीपर्यंत हा अभ्यास आत्ता कुठे पोचतो आहे. तो कसा पोचला, वाटेत कोणती मते मांडली गेली आणि काय अजून अडले आहे, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

'मध्ययुगीन' म्हणजे नेमके कधीचे, हेही आधी ठरवून घेऊ. पांडवलेण्यांचा मोठा भाग सातवाहन-क्षत्रपकाळातला. तिथल्या मोठ्या बुद्धमूर्ती नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या. तो स्वतंत्र विषय आहे. इथे मुख्यतः अकरावे ते तेरावे शतक धरले आहे. गोंदेश्वर आणि ऐश्वर्येश्वर, अंजनेरीच्या पायथ्याचा देवळांचा समूह, मालेगावजवळच्या झोडग्याचा माणकेश्वर, मनमाडजवळची अंकाई-टंकाईची जैन लेणी, हा सगळा ऐवज त्या काळातला. भिल्लम पाचव्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी वसवण्याआधी यादवांची सत्ता सिन्नरच्या बाजूला होती. त्यामुळे या शिल्पांचा धागा यादव घराण्याशी जोडला जातो, आणि तो बहुतांशी बरोबरच आहे.

यादी, मोजमाप आणि नावे

पहिली पिढी इंग्रजी अंमलातल्या अधिकाऱ्यांची आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या इथल्या पंडितांची. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा ग्रंथ १८८० चा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड १८८३ चा. त्यातला पांडवलेण्यांच्या लेखांचा भाग भगवानलाल इंद्रजींच्या अभ्यासावर उभा आहे. हेन्री कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ १९३१ साली निघाला आणि सिन्नर-झोडग्याचे नकाशे, छेद, छायाचित्रे त्यात व्यवस्थित आली. आजही गोंदेश्वरावर लिहिणारा कोणीही कझिन्सला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

या पिढीचे ऋण मान्य करूनही तिच्या नजरेचा कल सांगावा लागतो. फर्ग्युसनच्या मते भारतीय शिल्पाची गोष्ट ही उतरणीची गोष्ट होती: बौद्ध काळातला साधेपणा आधी, मग वाढत गेलेले हात, डोकी आणि नक्षी. अनेक हातांची मूर्ती युरोपीय डोळ्यांना शतकानुशतके कशी विचित्र वाटत आली, याचा इतिहास पार्थ मित्तर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला आहे. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या मताला उत्तर दिले. मात्र ते उत्तर बरेचसे तत्त्वज्ञानाच्या उंचीवरून आले. सिन्नरच्या एखाद्या खांबावर काय कोरले आहे, हे सांगायला ते फारसे उपयोगी नव्हते.

ते काम मूर्तिशास्त्राने केले. गोपीनाथ राव यांचे इंग्रजी खंड १९१४ ते १९१६ या काळात आले. मराठीत ग. ह. खरे यांचे 'मूर्तिविज्ञान' १९३९ चे. पुढे नी. पु. जोशी, गो. बं. देगलूरकर यांनी मराठी वाचकाच्या हाती लक्षणांची किल्ली दिली: आयुधांचा क्रम, वाहन, आसन, मुद्रा यांवरून मूर्ती ओळखावी कशी. या पद्धतीचे यश अंकाईत स्पष्ट दिसते. तिथल्या जैन लेण्यांतल्या हत्तीवरच्या पुरुषमूर्तीला आणि सिंहावरच्या स्त्रीमूर्तीला जुन्या लेखनात 'इंद्र-इंद्राणी' म्हटले जाई. ते सर्वानुभूती यक्ष आणि अंबिका यक्षी आहेत, हे आता सर्वमान्य आहे. नाव बदलले तसा अर्थही बदलला. स्वर्गाचा राजा जाऊन त्याच्या जागी धनधान्य आणि संतती देणारी, श्रावक कुटुंबांना जवळची वाटणारी जोडी आली.

इथे एक तपशील सहसा निसटतो. यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावाने आपण सरसकट काळ्या दगडाच्या प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणतो, तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गोंदेश्वरासारखी देवळे त्याच्या आधीची. त्याने ती बांधली नाहीत. पण त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात देवतांच्या मूर्तींची लक्षणे मात्र विस्ताराने संकलित केलेली आहेत. लोकांनी त्याला बांधकामाचे श्रेय दिले. त्याचे खरे महत्त्व, निदान आपल्या विषयापुरते, या संकलनात आहे. एखादे व्रत करणाऱ्याने कोणती मूर्ती कशी करवून घ्यावी, हे त्या काळचा एक जाणता माणूस सांगतो आहे. मूर्ती आणि आचार यांचा असा थेट दुवा या प्रदेशात दुसरा चटकन सापडत नाही.

शैली आणि दाते

नावे ठरल्यावर प्रश्न उरला घडणीचा. गोंदेश्वर आणि माणकेश्वर ही भूमिज पद्धतीची देवळे. शिखरावर उभ्या पट्ट्यांच्या मधल्या जागांत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. कृष्ण देव यांनी १९७५ च्या एका निबंधात या पद्धतीची रीतसर मांडणी केली; माळव्यापासून दख्खनपर्यंतचा तिचा प्रसार त्यानंतर अधिक स्पष्ट झाला. अंबरनाथच्या देवळातला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख कालनिर्णयाला मोठा आधार ठरतो. सिन्नरला असा नेमका लेख हाताशी नसल्याने गोंदेश्वराचा काळ अकरावे की बारावे शतक, याबद्दल लिहिणाऱ्यागणिक थोडा फरक पडतो. गोविंदराज नावाच्या यादव पुरुषाने ते बांधले ही माहिती सर्वत्र छापली जाते. देवळाच्या नावाशी ती जुळते, म्हणून ती टिकून राहिली असावी, असे मला वाटते.

दात्यांच्या बाबतीत अंजनेरी अधिक बोलकी आहे. तिथल्या एका जैन देवळातला शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१-४२ चा लेख यादव राजा सेउणदेवाच्या काळातला असून चंद्रप्रभ तीर्थंकराच्या देवळासाठी दुकानांचे उत्पन्न दिल्याची त्यात नोंद आहे. त्यामुळे राजा देऊळ बांधतो आणि प्रजा पाया पडते, हे सोपे चित्र मोडते. मूर्तीच्या दिव्यातले तेल बाजारपेठेच्या उत्पन्नातून आले आहे. विराज शाह यांनी महाराष्ट्रातल्या जैन लेण्यांवर, लिसा ओवेन यांनी वेरूळच्या जैन लेण्यांवर केलेल्या कामाचा रोखही असाच आहे: लेणे कोरून घेणारा कोण आणि मूर्तीसमोर येऊन काय करणारा कोण, हे शिल्पातूनच वाचायचे. अंकाई-टंकाईची लेणी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत.

मूर्ती काय करते?

वादाचा खरा गाभा इथे आहे. मूर्ती कशासाठी, या प्रश्नाला ढोबळमानाने तीन उत्तरे दिली गेली आहेत.

पहिले उत्तर शिकवणीचे. देवळाच्या भिंती आणि खांब म्हणजे न वाचता येणाऱ्यांचे पुराण, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. युरोपात हेच मत इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने मांडले होते. मार्सेच्या बिशपने चर्चमधल्या प्रतिमा फोडल्या, तेव्हा ग्रेगरीने त्याला लिहिले की अक्षर न ओळखणाऱ्यांसाठी चित्र हेच वाचन. या मतावरचा आक्षेप दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. ज्याला कथा आधीच ठाऊक आहे, त्यालाच खांबावरचा प्रसंग कळतो. शिवाय शिखरावरच्या उंच कोनाड्यांतली, खालून धड न दिसणारी शिल्पे कोणाला शिकवण्यासाठी? तरी हे उत्तर पूर्ण टाकून देता येत नाही. कीर्तनकार किंवा पुराणिक समोर असेल, तर खांब आणि कथा एकमेकांना पुरे करतात.

दुसरे उत्तर विश्वरचनेचे. स्टेला क्रामरिश यांच्या १९४६ च्या ग्रंथापासून देऊळ म्हणजे विश्वाची प्रतिकृती, मूर्ती म्हणजे त्या रचनेतले ठरलेले स्थान, ही मांडणी प्रभावी आहे. गोंदेश्वर हे पंचायतन असल्याने, म्हणजे मधोमध शिव आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, देवी व गणेश, तिथे ती चांगली बसते. अडचण येते ती मिथुनशिल्पे आणि सुरसुंदरींपाशी. देवांगना देसाई यांनी १९७५ मध्ये कामशिल्पांची सामाजिक उकल मांडली: सामंती श्रीमंती, दरबारी अभिरुची, तंत्रमार्गाचा प्रभाव. पुढे १९९६ च्या खजुराहोवरच्या ग्रंथात त्यांनी त्याच शिल्पांत सूत्रधार आणि आचार्य यांची जाणीवपूर्वक योजना शोधली. एकाच अभ्यासकाने दोन टोकांच्या बाजूंनी याच प्रश्नाला भिडावे, यातच तो किती अवघड आहे ते कळते. सिन्नरच्या शिल्पांना खजुराहोची फूटपट्टी कितपत लावावी, हे वेगळेच.

तिसरे उत्तर सान्निध्याचे: मूर्ती देवाचे चित्र नसते, तिथे देव असतो. डायना एक यांचे 'दर्शन' (१९८१) आणि रिचर्ड डेव्हिस यांचा भारतीय मूर्तींच्या 'जीवनां'वरचा १९९७ चा ग्रंथ हे या मताचे परिचित टप्पे. मूर्ती घडते, प्राणप्रतिष्ठा होते, ती पुजली जाते, लपवली जाते, लुटली जाते, वस्तुसंग्रहालयात जाते. प्रत्येक टप्प्यावर तिच्याकडे बघणारे समाज तिला नवा अर्थ देतात, असे डेव्हिस दाखवतात. जर्मनीत हान्स बेल्टिंग यांनी १९९० मध्ये ख्रिस्ती प्रतिमांबद्दल याच्या जवळपासचे म्हटले होते: 'कला' ही कल्पना येण्याआधी प्रतिमा हे सान्निध्य होते. आपल्याकडचा कायदाही या दिशेने झुकलेला आहे. १९२५ च्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने कुलदेवतेच्या मूर्तीला स्वतःचे हित असलेली विधिक व्यक्ती मानले.

मराठी अभ्यासात या तिन्हींहून निराळा, चौथा धागा आहे आणि माझ्या मते आपले स्वतःचे काम त्यातच सर्वांत भरीव आहे. हा धागा लोकदैवतांच्या शोधाचा. दामोदर धर्मानंद कोसंबींनी मातृदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटांची चौफुली यांचा संबंध दाखवला. सोंथायमर यांनी धनगर-गवळ्यांच्या देवांचा माग काढला. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरीपासून विठ्ठलापर्यंत घडीव मूर्तीमागचा अनघड देव शोधला. ढेऱ्यांच्या पद्धतीचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवायला हवा. पंढरपूरची आजची मूर्ती आद्यमूर्ती नसून ती माढ्याला असावी, हे त्यांचे मत गाजले आणि वादग्रस्तही ठरले. मूळ शोधणाऱ्या विद्वत्तेला भक्तांच्या आजच्या देवाशी सामना करावाच लागतो.

मूर्ती नाकारणारेही इथलेच

मूर्तींचा अभ्यास करताना मूर्तीला दुय्यम मानणाऱ्यांची साक्ष काढणे विसरले जाते. महानुभावांच्या दृष्टीने देवता आणि परमेश्वर वेगळे. त्यांची भक्ती प्रतिमेपेक्षा चक्रधरांचा स्पर्श झालेल्या स्थानांभोवती आणि वस्तूंभोवती. तरीही 'लीळाचरित्र' आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली 'स्थानपोथी' यांत तेराव्या शतकातली देवळे जागोजाग येतात, कारण स्वामींचा मुक्काम तिथेच असे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, बसण्याची जागा कोणत्या कोपऱ्यात, हे सारे नोंदलेले. पूजक नसलेल्या माणसाच्या नजरेतून त्या काळचे देऊळ कसे वापरले जाई, याचा एवढा तपशील दुसरीकडे नाही. कलेतिहासाने या साधनाचा पुरेसा उपयोग केलेला नाही, हे नमूद करायलाच हवे.

वारकऱ्यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांची कथा नामदेवांना देव सर्वत्र असल्याचे शिकवते. पण त्याच परंपरेचे सारे चालणे विटेवरच्या मूर्तीकडे आहे. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आणि ज्योतिर्लिंग एकाच गावात आहेत, यात्रेकरूला त्यात विसंगती वाटत नाही. दर्शनाच्या सिद्धान्तात हा दुहेरीपणा नीट बसवणारी मांडणी अजून व्हायची आहे.

बघणारा कोण?

दर्शनाबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी 'भक्त' नावाचा एकच माणूस कल्पिला. नाशिकमध्ये राहून असे लिहिणे कठीण आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांसारख्यांची स्थानिक उभारणी यांवर तो काही वर्षे चालला. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता, मूर्तिविद्येचा नव्हता. तरी त्याने अभ्यासकासमोर ठेवलेला प्रश्न मागे मध्ययुगापर्यंत जातो. चोखोबा आणि त्यांच्यासारख्यांना देऊळ बाहेरूनच दिसत असेल, तर त्यांच्यासाठी मूर्ती म्हणजे काय होते? शिखर? पालखीतली उत्सवमूर्ती? की शब्दांतून ऐकलेले रूप? स्त्रियांच्या प्रवेशाबद्दलही असेच विचारता येते. बाहेरच्या भिंतीवरच्या शिल्पांना आत जाऊ न शकणाऱ्यांच्या बाजूने बघणे ही एक शक्यता आहे. तिच्यावर सलग संशोधन मात्र हवे.

शेंदराचा प्रश्न

आता सर्वांत ताजा आणि सर्वांत नाजूक भाग. २०२२ च्या जुलैमध्ये सप्तशृंगगडावरचे मंदिर मूर्तीच्या संवर्धनासाठी सुमारे दीड महिना बंद ठेवण्यात आले. कातळातल्या अठरा हातांच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या चढलेला शेंदराचा जाड लेप काढला गेला आणि २६ सप्टेंबरच्या घटस्थापनेपासून देवी नव्या, म्हणजे जुन्या, रूपात भाविकांसमोर आली. मुखाची ठेवण, आयुधे, अलंकार पहिल्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट झाले.

यावर तीन भूमिका ऐकू येतात आणि तिन्हींत तथ्य आहे. संवर्धकांचे म्हणणे असे की लेपाचे वजन आणि त्यात कोंडणारा ओलावा दगडाला घातक असतो. लेप उतरवला नाही तर मूर्तीच राहणार नाही. परंपरा जपणाऱ्यांच्या दृष्टीने शेंदूर हा देवीच्या रूपाचाच भाग. आजोबा-पणजोबांनी ज्या मुखाला हात जोडले ते मुख हेच. तिसरी भूमिका इतिहासकाराची: लेप हाही पुरावाच. कोणत्या काळी शेंदरात काय मिसळले, डोळे कधी बसवले, हात कधी झाकले गेले, हे थरांत साठलेले असते आणि उतरवलेला लेप विसर्जित झाला की ते वाचता येत नाही. गावोगावच्या मारुतीबद्दल 'देवाने कवच सोडले' असे म्हणतात, तेव्हा लोकही थरांचा इतिहास आपल्या परीने मान्यच करत असतात.

असे प्रसंग एकट्या गडावरच येत नाहीत. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ मध्ये वज्रलेप झाला, २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने रासायनिक संवर्धन केले, आणि त्यानंतर मस्तकावरच्या नागाच्या प्रतिमेवरून वाद पेटला. पंढरपुरी पदस्पर्शाने विठ्ठलाचे पाय झिजतात. त्र्यंबकेश्वरी पिंडीच्या झिजेची चर्चा अधूनमधून होतच असते. म्हणजे पूजाच मूर्तीला झिजवते किंवा झाकते, आणि पूजा थांबवली तर ती मूर्तीच उरत नाही. संरक्षित स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि देवस्थानांचा नित्याचार यांची तडजोड दर वेळी नव्याने, जागच्या जागी करावी लागते. 'मूळ स्वरूप' म्हणजे घडवल्या दिवशीचे, प्रतिष्ठेच्या दिवशीचे, की आजच्या भक्ताला ओळखू येणारे, यावर अभ्यासकांतही एकवाक्यता नाही.

अडलेले मुद्दे

सगळेच इथे मोजत बसत नाही. तीन मला महत्त्वाचे वाटतात.

एक, मधल्या काळाची पोकळी. यादवसत्ता संपल्यापासून पेशवाईपर्यंतची चारेक शतके नाशिकच्या मूर्तींच्या इतिहासात जवळजवळ कोरी आहेत. नारोशंकर (१७४७), सुंदरनारायण (१७५६), त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ, काळाराम, हा सगळा अठराव्या शतकाचा बहर. काळारामाची मूर्ती गोदावरीत सापडल्याची कथा सांगतात. जुन्या मूर्ती लपवल्या, बुडवल्या, पुन्हा काढल्या, अशा कथा महाराष्ट्रभर आहेत. त्यांतली स्मृती किती आणि नव्या देवळाला जुने मूळ मिळवून देण्याची गरज किती, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासावे लागेल. एका बाजूने सगळे मूर्तिभंजनाच्या खाती टाकणे सोपे, दुसऱ्या बाजूने सगळे दंतकथा म्हणून सोडणेही तितकेच सोपे.

दोन, गावातली शिल्पे. वीरगळ, सतीगळ, गद्धेगाळ ही मध्ययुगातल्या साध्या माणसांच्या सर्वांत जवळची प्रतिमासृष्टी. वीरगळावर खाली लढाई, वर अप्सरांनी नेलेला वीर, त्याच्यावर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. एवढ्यात मरणाची आणि मोबदल्याची अख्खी कल्पना येते. सेट्टर-सोंथायमर यांच्या १९८२ च्या संपादित ग्रंथाने स्मारकशिळांना अभ्यासात मान मिळवून दिला, मराठीत सदाशिव टेटविलकरांनी गावोगाव फिरून नोंदी केल्या. पण पारावर टेकवलेले, ऑइलपेंट दिलेले कितीतरी दगड अजून नोंदीबाहेर आहेत. सुरगाणा-पेठकडचे वाघदेव, बोहाड्यातले मुखवटे यांना तर मध्ययुगीन कलेच्या चर्चेत जागाच नसते, कारण त्यांवर शतक लिहिता येत नाही. शतक लिहिता न येणे ही अभ्यासाच्या पद्धतीची अडचण आहे, त्या वस्तूंची नव्हे.

तीन, घरातले देव. नाशिकचे तांबट आणि सराफ पिढ्यान् पिढ्या देव्हाऱ्यातले टाक घडवत आले: खंडोबा, भवानी, सप्तशृंगी. टाकावर देवी जशी दिसते, तशी ती त्या काळी भक्तांच्या डोळ्यांत होती असे मानायला हरकत नाही. मग गडावरच्या देवीचे हात किती दिसत होते, मान कोणत्या बाजूला कललेली समजली जाई, मुकुट कसा होता, हे शेंदराच्या आतून नव्हे तर बाहेरून सांगणारा पुरावा या बोटभर पत्र्यांत आहे. पण झिजलेला टाक नदीत सोडतात किंवा मोड म्हणून देऊन नवा घडवून घेतात, त्यामुळे जुने नमुने दरवर्षी कमी होत आहेत. दगडी देवळांची छायाचित्रे शतकभरात हजारो निघाली. टाकांसाठी आता सराफांच्या मोडीच्या डब्यापाशी आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांपाशी, मालकांच्या परवानगीने, कॅमेरा आणि वजनकाटा घेऊन बसावे लागेल. घराण्याचे मूळ गाव, टाक कोणत्या लग्नात किंवा वाटणीत आला, हेही सोबत लिहून घ्यावे लागेल.